मान वळवून गेलेल्या काकांस

काका,

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. हर्ण्यात आपल्या दोन घरांच्या मध्ये एक गडगा आहे, फार तर वीस पावलं. तरी उघड लिहितो आहे, कारण तुम्ही आमच्याशी जे वाईट वागलात ते सगळ्या वाडीदेखत वागलात आणि जे चांगलं वागलात ते रात्री, मागच्या पडवीत, बत्ती न लावता.

गावकीच्या पंचांना मला काही लिहायचं नाही. त्यांच्यातले बरेचसे आता हयात नाहीत. ते आमच्यावर रागावले होते, त्यांनी तो राग बैठकीत बोलून दाखवला आणि शिक्षा सुनावली. त्यांचं काय चुकलं हे सांगायला आता कायदाही आहे. तुमचं काय चुकलं हे मात्र तुम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही आमच्यावर रागावला नव्हता. ताईला तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

1998 साली ताईने दापोलीत नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, माणूस म्हणून उत्तम. जात वेगळी. आठ दिवसांनी देवळात बैठक बसली. बाबांपुढे दोन वाटा ठेवल्या: मुलगी मेली असं समजून तिचं नाव टाका, नाहीतर दंड भरा आणि देवापुढे नारळ ठेवून गावाची माफी मागा. बाबा म्हणाले, माझी मुलगी जिवंत आहे आणि मी चूक केलेली नाही. तेव्हा ठरलं की या घराशी कोणी बोलायचं नाही, यांच्या पायरीला कोणी चढायचं नाही, यांच्या लग्नामयताला कोणी जायचं नाही. मोडेल त्याला दंड. तुम्ही त्या बैठकीत तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसला होतात. मी पंधरा वर्षांचा होतो आणि देवळाच्या पायरीवरून आत बघत होतो. हात वर करायला सांगितलं तेव्हा तुम्ही आधी इकडेतिकडे बघितलंत. मग हात वर केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना पाखाडीवर तुम्ही समोरून आलात. मी सवयीने 'काका' म्हणालो. तुम्ही समुद्राकडे बघत निघून गेलात.

लोकांना वाटतं, वाळीत टाकणं म्हणजे मोठा गाजावाजा होत असेल. तसं काही नसतं. रोजच्या शंभर बारीक गोष्टी एकेक करून बंद होतात. गिरणवाला डबा ठेवून घेत नाही, म्हणून आई तांदूळ दळायला डोक्यावर घेऊन पुढच्या गावी जाते. लावणीला माणसं मिळत नाहीत. दुकानात वाडीतलं गिऱ्हाईक फिरकत नाही. आमचं दुकान तगलं ते बंदरामुळे. मासेमारीला निघणाऱ्या बोटींना शिधा लागतो: तांदूळ, कांदे, मिरची, चहापत्ती. बंदरावर आमच्या गावकीचा हुकूम चालत नव्हता. संध्याकाळी वाळूवर पापलेट आणि सुरमईच्या राशींभोवती लिलावाची बोली चढायची तेव्हा बाबांना तिथे जो तो हाक मारायचा. तेवढ्यासाठी ते रोज बंदरावर जात. घेण्यासारखं काही नसलं तरी जात.

शिमग्याचं मात्र आईला सोसलं नाही. तिने अंगण सारवलं, रांगोळी घातली, तांदूळ, नारळ, खण असं ओटीचं सगळं सूप भरून ठेवलं. पालखी तुमच्या अंगणात नाचली. ढोल आमच्या गडग्यापर्यंत आला आणि वळला. पालखीचा पुढचा दांडा तुमच्या खांद्यावर होता, काका. आई सूप हातात धरून ढोलाचा आवाज लांब जाईपर्यंत उभी राहिली. देवाचीसुद्धा वाट माणसं अडवू शकतात हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यानंतर त्या ढोलाचा आवाज मला कधीच नीट ऐकता आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. रात्री दोनला. आईचं रडणं तुमच्या घरात ऐकू गेलं असणार, मध्ये नुसता गडगाच होता. सकाळपर्यंत कोणी आलं नाही. खांद्याला चार माणसं लागतात. बाबा, मी, दापोलीहून धावत आलेले भावोजी असे तिघं झालो. चौथे आले बंदरावरचे एक मुसलमान खलाशी, बाबांचं उधारीचं गिऱ्हाईक. त्यांनी काही विचारलं नाही, चपला काढल्या आणि खांदा दिला. लाकडं आम्हीच वाहिली. ज्या भावोजींच्या जातीमुळे आम्ही वाळीत पडलो त्यांनीच आजीला उचललं, आणि ज्यांना ती चाळीस वर्षं 'माझा धाकटा' म्हणत होती ते तुम्ही खिडकीच्या गजाआड उभे होतात. मी बघितलं. तुम्हीही मला बघितलंत.

त्याच रात्री काकू मागच्या दाराने आल्या. पेजेचा डबा घेऊन. 'यांनीच पाठवलंय,' असं हळू आवाजात सांगून गेल्या. तसं त्या अधूनमधून येतच असत. कधी भाजी, कधी कालवण, एकदा मला ताप आला तेव्हा औषध. आई अन्न लगेच आपल्या भांड्यात ओतून घ्यायची आणि डबा पदराखाली परत करायची, कारण डब्यावर काकूंचं नाव कोरलेलं होतं. आमच्या घरात तो डबा सापडला असता तर तुम्हाला दंड झाला असता. आमच्यावर उपकार करणाऱ्यांना वाचवण्याचं कामही आमच्याच आईला करावं लागत होतं.

अनेक वर्षं मी या डब्यांबद्दल तुमचे आभार मानत आलो. आता नाही मानत. त्या डब्यांमुळे आम्ही जगलो असं नाही, पण तुम्हाला झोप लागली. दिवसा मान वळवायची आणि रात्री पेज पाठवायची, म्हणजे गावही राखलं आणि मनही राखलं. पाच पंच आमचं पाणी तोडू शकले नसते. वाडीतल्या सगळ्या घरांनी मिळून ते तोडलं, आणि त्यातल्या निम्म्या घरांना तुमच्यासारखंच वाईट वाटत होतं. त्या सगळ्यांनी एकाच सकाळी आम्हाला नुसतं 'काय, बरं आहे ना?' विचारलं असतं तरी बैठकीचा निर्णय तिथल्या तिथे मेला असता. दंड कोणाकोणाला करणार होते?

'गावापुढे कोण जाणार?' हे तुमचं वाक्य मी नंतर ऐकलं. आपल्याकडे म्हणतात, गाव करी ते राव न करी. मला ही म्हण लहानपणी फार आवडायची. वणवा लागला की गाव धावतं, वादळात कौलं उडाली की न बोलावता चार माणसं छपरावर चढतात, बाळंतिणीला घरोघरून डिंकाचे लाडू येतात. आपल्या संस्कृतीचं मला काय आवडतं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. आणि काय आवडत नाही असं विचारलं तरी याच जागी बोट ठेवीन. सगळ्यांनी मिळून धावणारी माणसं सगळ्यांनी मिळून पाठही फिरवतात, आणि दोन्ही वेळी त्यांना आपण चांगलंच करतोय असं वाटतं. एकट्याने उभं राहायला आपण मुलांना शिकवतच नाही. 'चारचौघांसारखा वाग' हा आपला सर्वांत मोठा आशीर्वाद.

काका, तुम्ही मला लहानपणी सायकलवर बसवून मुरूडला न्यायचात आणि धोंडो केशव कर्व्यांच्या गोष्टी सांगायचात. परीक्षेसाठी कोकणातून चालत साताऱ्याला गेलेला मुलगा, वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही, तरी खचला नाही. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. आपल्या शेजारच्या गावचा माणूस, म्हणून तुमची छाती फुगायची. पण त्या गोष्टीचा मधला भाग तुम्ही कधी सांगितला नाहीत. तो मी नंतर वाचला.

1893 च्या मार्चमध्ये विधुर कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा मुलीशी. त्यानंतर ते मुरूडला आले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना बहिष्कृत केलं. त्यांच्यासोबत एका बैठकीला कोणी बसायचं नाही. आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. आईला भेटायला आलेला मुलगा आईच्या घरात राहू शकत नव्हता. याच माणसाने त्याआधी गावाच्या भल्यासाठी 'मुरूड फंड' उभा केला होता. फंडाचा उपयोग गावाला चालला, माणूस चालेना. त्या सभेतही खांबाला टेकून बसलेली माणसं असतीलच, ज्यांना आतून वाटत असेल की धोंडोपंतांचं काही चुकलेलं नाही. त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, आणि आज मुरूडला त्यांचं स्मारक आहे. स्मारकाला हार घालताना सगळं गाव येतं. मला विचाराल तर त्या हारापेक्षा 1893 साली एका माणसाने त्यांच्या शेजारी येऊन बसणं जास्त मोलाचं ठरलं असतं.

वाळीत टाकणं किती क्रूर असतं हे ज्यांना पुरतं कळलं होतं त्यांचंही गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली राज्यघटनेसाठी जो मसुदा मांडला, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची कलमं होती. ब्रह्मदेशात 1922 साली तसा कायदा झाला होता, त्याच्या आधारे त्यांनी ती लिहिली होती. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा केला, पण सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. अस्पृश्यतेविरुद्धचा 1955 चा कायदा होता. पण एकाच जातीच्या लोकांनी आपल्याच माणसाचं चहापाणी तोडलं तर दाद मागायला सरळ वाट उरली नाही. बाबा एकदा तक्रार करायला गेले होते. 'तुमच्याशी कोणी बोलत नाही, हा काय गुन्हा आहे का?' असं ऐकून ते परत आले.

आता तो गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी 2013 साली जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, त्याच वर्षी 20 ऑगस्टला त्यांचा खून झाला, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे चालवली. 2016 च्या एप्रिलमध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा केला आणि 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणाराही दोषी. मला या कायद्याचा अभिमान आहे. असा कायदा आधी असता तर बाबांना दारातून परत फिरावं लागलं नसतं. तरी पाखाडीवर समोरून आलेल्या मुलाला ओळख दिली पाहिजे, असं कलम कोणता कायदा लिहिणार?

आमचा बहिष्कार उठला तोही कोणी सांगितला नाही. देवळाच्या हिशेबावरून गावकीत दोन तट पडले आणि दोन्ही तटांना माणसं हवी होती. एक दिवस भर दुपारी गडग्यावरून काकूंनी आईला हाक मारली, 'अगो, कढीपत्ता आहे का?' आईने कढीपत्ता दिला. मग घरात येऊन चुलीपुढे बसली आणि बराच वेळ उठली नाही. झालं, एवढंच. कोणी चुकलो म्हणालं नाही. तुम्हीही नाही. बाबा जाईपर्यंत तुम्ही त्यांच्याशी पावसाबद्दल आणि आंब्याच्या मोहोराबद्दल बोललात. ते वाट बघत होते, काका.

2025 च्या जुलैत सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा वाडीच्या ग्रुपवर दिवसभर झेंडे फडकत होते. मलाही आनंद झाला. त्या सकाळी पाखाडीवरून तुम्ही ज्या समुद्राकडे तोंड फिरवलंत त्यातच तो किल्ला उभा आहे. त्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात वेगळा निरोप आला. तुमच्या नातीने पुण्यात लग्न केलंय, मुलगा आपल्यातला नाही, तेव्हा येत्या रविवारी सकाळी दहाला देवळात बैठक. मुंबईच्या मंडळींनीही यावं. निरोपाखाली ओळीने अंगठे उमटले. मी मोजले. बावीस.

मी त्या ग्रुपवर उत्तर टाकलंय की ही बैठक कायद्याने गुन्हा आहे आणि मी तसा लेखी अर्ज दिला आहे. त्यानंतर दोघांनी मला फोन केला. 'तुझं म्हणणं पटतंय रे, पण उघड नको,' म्हणाले. त्यांनाही हे पत्र पाठवतो आहे.

शनिवारी रात्रीच्या एसटीने गावी निघतोय. ताई आणि भावोजी दापोलीहून येतील. आम्ही नऊ वाजता तुमच्याकडे येऊ, पुढच्या अंगणातून, सगळ्यांना दिसेल असे, आणि ओटीवर बसून चहा घेऊ. मग तुमच्याबरोबर देवळात येऊ. काकूंचा एक डबा आमच्याकडे राहून गेला होता. आजीच्या दिवसांतल्या गडबडीत आईने तो फडताळात मागे लपवला आणि नंतर परत द्यायचं धैर्य तिला झालं नाही. नाव अजून स्पष्ट वाचता येतं. तो घेऊन येतोय. पिशवीत घालणार नाही.

तुमचा,
गडग्यापलीकडचा