सोवळ्यातली वीज

संगीताचा षोक मुळात कानाचा असला, तरी एकदा जडल्यावर तो क्रमाक्रमाने कानापासून दूर सरकत जातो आणि अखेर जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपाशी येऊन स्थिरावतो, असे माझे निरीक्षण आहे. आरंभी रसिक गवयाविषयी बोलतो. पुढे गवई मागे पडून ध्वनिमुद्रिकेची प्रत कोणत्या छपाईची, यावर खल होतो. मग सुई, मग स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग या सर्वांना जोडणारी आणि किमतीपायी घरातल्या माणसांना तोडू पाहणारी तार. आणि कुटुंबप्रमुख वगळता घरातले बदलण्याजोगे सर्व काही बदलून झाले, म्हणजे आजवर निमूटपणे वीज देत आलेल्या भिंतीवरच्या तीन भोकांकडे त्याची संशयी नजर वळते. त्या घटकेपासून तो श्रोता उरत नाही, फिर्यादी होतो.

माझी नजर तिकडे वळवण्याचे श्रेय आमच्या एका दंतवैद्य स्नेह्यांकडे जाते. भोक दिसले की ते कोरून साफ करावे आणि मौल्यवान धातूने भरावे, हा संस्कार हयातभर अंगी मुरलेला असल्यामुळे, आमच्याकडे बागेश्री ऐकता ऐकता त्यांनी प्लगकडे पाहून मान हलवली आणि "तुमची वीज ओवळी आहे," असा निर्वाळा दिला. त्यांच्या मते अ‍ॅम्प्लिफायर हा मुकटा नेसून पूजेला बसलेला कर्मठ गृहस्थ होय, आणि फ्रिज, मिक्सर, पंखा, दिवे ही त्याला येता-जाता शिवणारी घरातली बेशिस्त मंडळी. त्याची तार निराळी, फ्यूज निराळा, बोर्ड निराळा, अशी पंक्तिभेदाची संपूर्ण व्यवस्था केल्यावाचून राग शुद्ध लागणे शक्य नाही, असे ते म्हणाले. आणि जन्मभर पंक्तिभेदाविरुद्ध लिहिणारा मी, ते ऐकून घेत राहिलो.

यातले शास्त्र अगदीच पोकळ नाही, एवढे कबूल केले पाहिजे. पूर्वी पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवर टांगलेला काळा डबा असे. आतली तारेची वेटोळी जास्तीची वीज उष्णतेत जाळून टाकीत आणि कोणाला त्यांची तोशीस लागत नसे. हल्लीचा चिमुकला रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लहरीचा एक तुकडा छाटून उरलेला पंख्याला देतो. लहरीला दोन अर्धे असल्यामुळे ही छाटणी सेकंदाला १०० वेळा चालते आणि प्रत्येक छाटीचा ओरखडा तारांतून घरभर हिंडतो. मोबाईलचे चार्जर आणि संगणक तर लहर माथ्यावर आली की तेवढ्यापुरता घोट घेतात आणि एरवी तोंड मिटून बसतात. साऱ्या आळीने एकाच क्षणी घोट घेतला की लहरीचा माथा चक्क सपाट होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर जागा होताना स्पीकरमधून जो 'टक्' असा उद्गार निघतो, तो कालावर पडला तर मी कानाआड करतो. समेवर पडला तर मात्र तबलजीवर अन्याय होतो.

परंतु दुसरी बाजूही दप्तरी नोंदली पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात शिरताच विजेला आधी ट्रान्सफॉर्मर, मग डायोड आणि मग कपॅसिटरांचे कोठार एवढ्या चौक्या लागतात. बाहेरची उलटसुलट लहर आत गेल्यावर एकाच दिशेची होऊन साठवली जाते, आणि गाण्याला लागणारी वीज त्या कोठारातून मोजून मिळते. बरी बनावट असेल तर बाहेरच्या बारीकसारीक विटाळाची दाद या यंत्राला क्वचितच लागते. म्हणजे पूजेला बसलेला हा गृहस्थ दिसतो तितका कर्मठ नाही. सगळा कर्मठपणा त्याच्या यजमानाचा.

आमच्याकडे खरी तक्रार होती ती अखंड गुणगुणीची. गाणे थांबले की स्पीकरातून एक खर्जातला गुंजारव ऐकू येई, आणि त्याचा स्वर कोणता, हे पेटीवर ताडून पाहिल्यावर माझी झोप उडाली. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची. तिची गुणगुण ५० वर आणि तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० वर, असते. आणि १०० म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला हा आयताच पंचम मिळतो, जरासा चढा, पण चालण्यासारखा. मात्र तो मालकंस गाऊ लागला की पंचमवर्ज्य रागात वीज स्वखर्चाने पंचम भरीत राहते. काळी एकवाल्याला हाच स्वर तीव्र मध्यम होतो, तेव्हा त्याच्या यमनात आणि मारव्यात तो एक वेळ खपेल, बागेश्रीत घात करील. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंच्या वाट्याला तर सबंध मैफलभर उतरलेला षड्ज येतो. 'ठेवणीतले राग कोणते?' या प्रश्नाचे उत्तर त्या काळी आमच्या घरी घराण्यावर नव्हे, तर पट्टीवर अवलंबून असे.

आणि हाही स्वर पूर्वी स्थिर नव्हता. २००२ साली पश्चिम भारतात वीज घेण्यादेण्याचे दर वारंवारतेशी बांधले जाईपर्यंत, संध्याकाळी मागणी वाढली की ५० चे ४८ होत आणि पावसाळ्यात मागणी ओसरली की ५१ च्याही वर जात. ज्या रेकॉर्डप्लेअरची मोटर विजेच्या लहरीच्या तालावर फिरते, तो ४८ वर आपसूक मंद होई, आणि काळी एकमध्ये गायलेला गवई पांढरी एकच्या दिशेने पाऊण वाट उतरलेला ऐकू येई. उतारवयातल्या गवयांचा आवाज उतरला, अशी टीका त्या काळच्या काही श्रोत्यांनी केली असेल, तर तिची फेरतपासणी व्हावी, असे मला मनापासून वाटते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले, आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारता नांदते. संगीताच्या परिषदांना जे आजवर साधले नाही ते असे सोलापुरातून साधले: अखिल भारताची पट्टी एक झाली.

दंतवैद्यांना हे जाळे एक झाल्याचाच विषाद होता. कोयनेची वीज पाण्याची, म्हणून सात्त्विक आणि गोड. चंद्रपूरची कोळशाची, म्हणून तिने तार सप्तक करपट होते. आणि आता दोन्ही एकाच तारेत कालवल्यावर शुद्धाशुद्धाचा विवेक तो काय उरला, असे ते पोटतिडकीने विचारीत. जपानात असे नाही, हे त्यांचे पालुपद. तिथल्या काही रसिकांनी स्वतःच्या अंगणात स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब आणि त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारला आहे, ही गोष्ट मात्र सत्य आहे. त्याहून नवलाची गोष्ट मी त्यांना ऐकवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन यंत्रे घेतली, ती ५० ची. ओसाकाने अमेरिकन घेतली, ती ६० ची. तेव्हापासून तो देश फुजी नदीच्या आसपास दोन वारंवारतांत विभागलेला आहे. टोकियोचा गुंजारव षड्ज मानला, तर सहास पाच या गुणोत्तराने ओसाकाचा बिनचूक कोमल गंधारावर बसतो. हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. कौतुकाने की ओसाकाला बिऱ्हाड हलवण्याच्या विचाराने, ते कळले नाही.

मग अर्थिंगचे प्रकरण निघाले. 'अर्जदाराच्या सदनिकेतील वाद्ययंत्रास भूसंपर्क मिळणेकामी आवारात खड्डा खणण्यास मंजुरी मिळणेबाबत' असा अर्ज मी संस्थेच्या चिटणिसांकडे गुजरला. त्यावर 'सदर वाद्य कोणते व ते रात्री दहानंतर वाजते काय' असा खुलासा मागवण्यात आला. आणि यथावकाश मंजुरी येऊन जास्वंदीच्या झुडपाशेजारी पुरुषभर खड्डा पडला. वायरमनने त्यात ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तांब्याचा पत्रा उभा ठेवला, भोवती लाकडी कोळसा, त्यावर खडे मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर रचले, मधून पाइप वर काढला आणि त्याच्या तोंडाच्या नरसाळ्यातून बादलीभर पाणी संथ धारेने सोडले. तांबे, मीठ आणि उदक एवढी सामग्री पाहून पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वरून हात जोडले आणि नातवाबरोबर हळदकुंकू व नारळ खाली पाठवला. वायरमननेही तो रीतसर फोडला.

दंतवैद्यांचा आग्रह असा, की ही अर्थिंग केवळ अ‍ॅम्प्लिफायरची असावी, इमारतीच्या अर्थिंगशी तिचा रोटीबेटीव्यवहार नसावा. वायरमन कोपराने घाम पुसून म्हणाला, "काका, असं नसतं करायचं. जुनी आणि नवी जोडावीच लागते. वेगळी ठेवली आणि मधे फरक पडला, तर शॉक मशीनला नाही, तुम्हाला बसेल." सोवळ्याचे इतके सडेतोड खंडन मी सुधारकांच्या ग्रंथांतही वाचलेले नाही. गाण्याचा कान नसलेल्या माणसाच्याही घरी अर्थिंग धड असावी, कारण ती जिवासाठी असते. आमच्या घरची त्या दिवसापासून धड झाली. गुणगुण आपल्या पदावर कायम राहिली.

ती हटवली त्याच वायरमनने, आणि तीही जाता जाता. चहाचा कप ठेवून तो कपाटामागे वाकला, दूरदर्शन संचात खोचलेली केबलची काळी तार त्याने उपटली, आणि खोलीत अशी शांतता पसरली की आतल्या खोलीतून "अहो, मालिका कुठे गेली?" ही पृच्छा स्पष्ट ऐकू आली. कारण साधे होते. केबलचे वेष्टन आळीच्या टोकाला कुठेतरी जमिनीला जोडलेले, अ‍ॅम्प्लिफायर आमच्या खड्ड्याला जोडलेला, आणि संचाचा आवाज मोठा यावा म्हणून सौ.च्या सोयीसाठी मीच दोहोंमध्ये एक तार ओढलेली. जमिनीच्या या दोन टोकांत जो किरकोळ दाबाचा फरक, तो त्या वाटेने अहोरात्र ये-जा करी आणि जाता-येता गुणगुणे. बोटभर लांबीचा एक आयसोलेटर मध्ये बसवताच मालिकाही परतली आणि मालकंसातला पंचमही गेला.

ही वार्ता ऐकून दंतवैद्य खिन्न झाले. शे-दोनशे रुपयांत मिटणारी अडचण ही त्यांच्या लेखी अडचणच नव्हे. विजेत घाण नाही, घरातल्याच एका तारेचे ते कारस्थान होते, हे त्यांना पटेना. आणि न पटल्याच्या तिरमिरीत त्यांनी स्वतःसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला, जो स्वतःच घुमतो म्हणून माडीवरून जिन्यात ठेवावा लागला. मग बाहेरची वीज मोडून नवी कोरी लहर घडवणारे एक भारदस्त यंत्र आणले. त्यावर त्यांनी आम्हाला पहिली ऐकवली ती गौहरजानची १९०२ सालची मुद्रिका. फ्रेड गाइस्बर्गने कलकत्त्यात ती कर्ण्यासमोर गाऊन घेतली आणि सुईने मेणावर कोरली; विजेचा मायक्रोफोन यायला अजून वीसाहून अधिक वर्षे होती. जन्मतः विजेचा स्पर्शही न झालेले ते गाणे पावणेदोन लाखांच्या विजेवर कसे उमलले आहे, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. तव्यावर भजी तळावीत तशी खरखर चालली होती, पण ती खरखर फार स्वच्छ होती, यात वाद नाही.

तरीही यंत्राला मिळणारी मूळ वीज भिंतीतलीच, हे शल्य राहिलेच. म्हणून गेल्या दिवाळीपासून त्यांनी भिंतीशी संबंधच तोडला असून त्यांचा दिवाणखाना आता बॅटऱ्यांवर चालतो. बॅटऱ्या रात्रभर भरतात त्या अर्थातच भिंतीतल्या विजेवर, परंतु तेव्हा गाणे बंद असल्यामुळे तो दोष लागत नाही. अडचण एवढीच, की त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर वाजो न वाजो, शेगडीसारखा तापणारा आहे आणि त्या तापात बॅटऱ्या लवकर दम सोडतात. सावकाश मांडणीचा बडा ख्याल जेमतेम पुरा होतो, तराण्याला वीज उरत नाही. तेव्हा त्यांच्याकडे हल्ली विलंबित सोमवारी असते आणि द्रुत मंगळवारी, आणि दोन्ही दिवशी येणाऱ्यालाच राग पुरा ऐकल्याचे समाधान मिळते.