तिजारीचा ताप, फॉरमॅटची मात्रा

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे केले. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या हातात चक्क पेनानं लिहिलेला बोर्डिंग पास पडला आणि त्याचा फोटो देशभर फिरला. लोक हसले. पण बिघाड म्हणून तो सज्जनच म्हणायचा. मशीन लावलं की पडणार म्हणजे पडणारच, आणि सगळ्यांसमोर. त्यामुळे ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं गेलं. पुढे एकेक मशीन हातानं दुरुस्त करताना लोकांचे दिवस गेले, पण दोष शोधायला नाही.

लबाड असतो तो घरातला. हैदराबादेत काचीगुड्यातल्या एखाद्या मराठी घरातला तो जुना डेस्कटॉप आठवडाभर गुणी बाळासारखा वागतो आणि विजेचं बिल भरताना, नेमका ओटीपी टाकल्यावर, ढिम्म. माऊसचा बाण जागचा हलत नाही. मग घरातलं कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतं. मशीन पुन्हा लागतं. "झालं नीट!" दुरुस्तीवाला येतो तेव्हा तर ते असं पळतं, की त्याला चहा पाजून परत पाठवावं लागतं. दुसऱ्या खेपेला तो कव्हरही उघडत नाही. "अंकल, फॉरमॅट मारना पडता."

तोवर घरातली वैद्यमंडळी कामाला लागलेली असतात. काकांच्या मते व्हायरस. मावशींच्या मते नातवाचे गेम. हायटेक सिटीतला भाचा व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगतो, "रॅम वाढवा." एकाच रविवारी तिन्ही उपाय होतात, रॅम पार्कलेनच्या बाजारातून येते. काही दिवस शांतता. गुण कुणाचा आला? तिघांचाही दावा. मशीन पुन्हा हँग होतं तेव्हा मात्र तिघंही म्हणतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं, नवा घ्या."

आणि हे कुठल्या शहरात? जिथे थांबून थांबून येणाऱ्या तापाचा माग लागला, त्याच. सिकंदराबादेत, बेगमपेठेला, 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. 1902 साली नोबेल मिळालं. या शोधाआधी त्यांनी भलत्या जातीचे कितीतरी डास चिरून पाहिले होते. सगळे डास एका रविवारी मारून ताप उतरतो का, हे पाहत ते बसले नाहीत. आपल्याकडचे जुने वैद्यसुद्धा आधी विचारायचे, ताप भरतो कधी? एक दिवसाआड भरला तर तिजारी, दोन दिवस सोडून भरला तर चौथरा.

कॉम्प्युटरलाही हेच विचारायचं असतं. मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना भर दुपारी हँग होतो? कव्हर उघडा, पंख्यावरची धूळ झाडा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. फाइल उघडताना अडतो, आतून टकटक येते? हार्ड डिस्क चालली. उपचार नंतर, आधी फोटोंचा बॅकअप. व्हिडिओ पाहतानाच अडकतो? ग्राफिक्स ड्रायव्हर पाहा. वेळकाळ न पाळता कधीही? रॅमवर संशय घ्या. मेमरी टेस्ट रात्रभर चालू द्या, दोन पट्ट्या असतील तर एक काढून पाहा. एका वेळी एकच बदल, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्याची नोंद. दूधवाल्याचे खाडे तिथेच लिहितो आपण.

तेही नको, तर मशीन स्वतः रोजनिशी ठेवतं. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर व्हिस्टाच्या काळापासून बसलेला आहे. कोणत्या तारखेला काय कोसळलं, कोणतं अपडेट आलं, सगळं तारीखवार. मायक्रोसॉफ्टचं विकासकेंद्र 1998 पासून याच शहरात आहे, पण काचीगुड्याहून गच्चीबावलीचं ते केंद्र फार लांब पडतं. एखादा उत्साही इव्हेंट व्ह्यूअरपर्यंत पोचतो, तिथे लाल खुणेशेजारी 'कर्नेल पॉवर 41' बघतो आणि "सापडला!" म्हणून ओरडतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे बटण दाबून धरणारे आपणच.

फॉरमॅटची खुबी अशी, की ही रोजनिशीसुद्धा साफ होते. सैल रॅम तिथेच, वाळलेली पेस्ट तिथेच; गेले ते फक्त पुरावे आणि नातवाच्या बारशाचे फोटो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यापासून 'नवा घ्या'वाल्यांना तर आणखीच जोर चढला आहे. जरूर घ्या. फक्त विंडोज 11 ज्या टीपीएम सुरक्षा-सोयीसाठी अडून बसतं, तिच्या एएमडी प्रोसेसरमधल्या अवतारामुळेच काही मशीन मधूनमधून अडखळतात, हे 2022 मध्ये एएमडीनंच कबूल केलं होतं. उतारा निघाला बायोस अपडेटचा.

तेव्हा फॉरमॅटवाल्याच्या हातावर पैसे ठेवण्याआधी त्याला एकच विचारा, "हँग कधी होतो, हे तुम्ही मला विचारलंत का?"