वेणीसंहार

"हळू बोल. पंत आडवे झालेत."

आत्याचा फोन याच वाक्याने सुरू होतो. सकाळचे अकरा असोत, दुपारचे चार असोत, नाहीतर रात्रीचे नऊ; पंत आडवेच झालेले असतात. त्यात त्यांचा दोष नाही. मांजराची जात दिवसाकाठी १२ ते १६ तास झोपते आणि पंत वरच्या आकड्याला चिकटून असतात. माझी तक्रार आत्याबद्दल आहे. मी ठाण्यात, ती पुण्यात नारायण पेठेत, मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर आणि अख्खा बोरघाट. तरी पंतांची झोपमोड नको म्हणून मी आपली माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून कुजबुजते. हल्ली कुकरची शिट्टी झाली की मलाच ओशाळल्यासारखं होतं.

अशी एखादी आत्या, मावशी किंवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी तुमच्याकडेही असणारच. ओळखायची खूण सोपी आहे. यांच्या गडद साडीवर पांढरे केस असतात आणि फिक्या साडीवर काळे. एका पायाला कायम मुंग्या आलेल्या असतात. बेल तीनदा वाजली तरी या उठत नाहीत, दूध उतू गेलं तरी उठत नाहीत, कारण मांडी मोकळी नसते. पण त्यातही एक खास पोटजात आहे. हिचे केस गुडघ्याकडे निघालेले असतात आणि हिच्या उशीवर मांजर असतं. ही माणसं रात्री झोपत नाहीत, वाटाघाटी करतात.

पंत म्हणजे पांढरा बोका. डोक्यावर एकच काळा डाग, अगदी पगडीसारखा आणि किंचित उजवीकडे कललेला. पाच वर्षांपूर्वी ऐन पावसात जिन्याखाली सापडला तेव्हा मुठीएवढा होता. त्या वयात कुणालाही एकेरीच हाक मारतात. पण आत्याचा जन्म शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलेला. डोक्यावर पगडी दिसल्यावर तिला अरेतुरे करवेना. तेव्हापासून पंत जेवतात, पंत रुसतात, पंत "जाऊन येतात". मी आत्याला तू म्हणते, आत्या मला तू म्हणते, आणि घरात अहोजाहो फक्त बोक्याला.

आता आत्याचे केस. ४१ इंच. शिवणाच्या टेपने मी स्वतः मोजलेत. सत्तरीला दोनच वर्षं कमी, तरी शेपटा असा की शाळेतल्या मुलींनी एकेकाळी पैज लावली होती, बाईंचं गंगावन आहे की नाही. बुधवारी तेल, रविवारी शिकेकाई. बाकी आत्याला कसली म्हणून हौस नाही. बांगड्या दोनच, त्याही झिजलेल्या.

एवढे केस आणि बोका एका गादीवर आले की काय होतं, ते कुणीही सांगेल. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरम, ३८-३९ अंशांचं. ऊब दिसली की ते तिकडे जाणार. पांघरुणाबाहेर राहिलेला, फारसा न हलणारा उबदार भाग म्हणजे माणसाचं डोकं. त्यात आत्याच्या डोक्याभोवती खोबरेल लावलेली मऊ गादी आयतीच अंथरलेली.

पहिल्या रविवारी आत्या ओले केस मोकळे सोडून झोपली. सकाळी तिला मान वळवता येईना. केसांचं घरटं झालं होतं आणि घरट्यात पंत होते. आत्याने मग काय करावं? शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. त्यांना फोन करून तिने दूध तापवायला सांगितलं आणि साडेनऊपर्यंत तशीच छताकडे बघत पडून राहिली.

"अगं, मग त्यांना उचलून बाजूला ठेवायचं ना!" मी म्हटलं.

मी चपला घालून देव्हाऱ्यापाशी गेले असते तरी आत्याने माझ्याकडे असं पाहिलं नसतं. "त्यांना कशाला उठवायचं?" ती म्हणाली.

गेल्या पाच वर्षांत त्या घरातला प्रत्येक प्रश्न फिरून फिरून याच वाक्यापाशी आला आहे. उपाय शंभर झाले आणि सगळे केसांवर झाले. पंतांच्या मात्र केसालाही धक्का लावायचा नाही.

आधी सैल तिपेडी वेणी आली. वेणीने गुंता कमी होतो हे खरं, पण वेणीला टोक असतं आणि टोकाला रबर. पहिल्या आठवड्यात तीन रबरं गेली. चौथ्या रबराच्या वेळी आत्याने पंतांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे जिभेला अडकलेली वस्तू त्याला सहज थुंकता येत नाही. दोरा, रिबीन, रबर, लांब केस, सगळं आतच जातं आणि आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशन. बाहेर लोंबणारा दोरासुद्धा आपण ओढायचा नाही, ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. आत्या घरी आली ती रबरांचा डबा काकूंना देऊनच. त्या दिवसापासून टोक वेणीतच उलटं खोचायचं, आणि झोपण्याआधी गळालेले केस वेचायला उशीवरून ओलं फडकं फिरवायचं.

मग आंबाडा. तो मानेवर बांधला तर पाठीवर निजता येईना, म्हणून थेट माथ्यावर चढवला. आरशात आत्या विश्वामित्रासारखी दिसायला लागली. पंतांना मात्र मेनकेची गरज पडली नाही. त्यांनी आंबाड्याला उशी मानलं आणि पहिल्याच रात्री तपोभंग केला.

मी मुंबईहून सॅटिनची टोपी पाठवली. गुळगुळीत कापडावर केस घासत नाहीत, तुटत नाहीत. पंत टोपीत झोपले. दुसरी पाठवली. पंत पहिलीत झोपले आणि दुसरीवर पाय ठेवून झोपले. मग आत्याने काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना रेशमी कद उसवून उशीचा अभ्रा शिवला. पंतांनी त्यावर पुढच्या दोन पायांनी रात्रभर कणीक तिंबली. कदाला सकाळी जे धागे निघाले होते, ते बघून काका स्वर्गात संध्या सोडून उठले असतील. शेवटी काकांचीच माकडटोपी निघाली. मे महिन्यात, पुण्यात, पंख्याखाली लोकरीची माकडटोपी घालून झोपलेली बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्या शेजारी पंत उकडतंय म्हणून चारी पाय वर करून उताणे.

सगळ्यात कल्पक उपाय म्हणजे वेणी पलंगाच्या कठड्यावरून पलीकडे सोडायची. केस भिंतीकडे, आत्या अलीकडे, पंतांना वाव नाही. रात्री दोन वाजता पंत पलंगाखालून पलीकडे गेले, मागच्या पायांवर उभे राहिले आणि त्यांनी वेणी ओढली. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न. इथे मांजर स्वतःच घंटा वाजवत होतं आणि घंटेच्या दुसऱ्या टोकाला माझी आत्या होती.

"पलंगाखाली खोकी सारून वाट बंद कर," मी म्हटलं.

"त्यांची खाली झोपायची जागा आहे ती. दुपारची."

तेलाचंही असंच. आत्याच्या तेलाची पाककृती चाळीस वर्षांची: खोबरेल, माका, जास्वंद आणि कोंड्यासाठी थोडा कापूर. पंत रात्री तिच्या भांगापासून मानेपर्यंत चाटत बसत. डॉक्टरांनी सांगितलं, कापूर मांजराला विषारी असतो, टी ट्री तेलही लावू नका. आत्याने त्याच संध्याकाळी तेलाची बरणी रिकामी करून घासून पालथी घातली. भावजयीने, म्हणजे माझ्या आईने, तीस वर्षं "वन्सं, तुमच्या तेलाला फार वास येतो हो" म्हणून पाहिलं होतं. तेव्हा काही एक फरक पडला नव्हता.

तिला जरा धाक बसावा म्हणून मी एक संशोधन वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पोकळ, पन्हळीसारखी असतात. त्यांत लाळ भरते आणि ती थेट केसांच्या मुळापर्यंत जाते. म्हणजे आत्या, तुझ्या डोक्यावर रोज रात्री काय चाललंय ते कळलं का?

आत्या गहिवरली. "म्हणजे ते मला विंचरतात!"

गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा वेणीच्या टोकाशी लिंबाएवढी गाठ झाली होती. केस कुठले आणि पंतांची लव कुठली, ते सांगता येईना. बोटाला तेल लावून मी दोन तास एकेक केस सोडवत बसले. टोकं दुभंगलेली, वाळक्या गवतासारखी. शेवटी कंटाळून म्हटलं, "आत्या, कात्री आण. चार बोटं कापली तर काय बिघडतंय? वेणीसंहार म्हण आणि मोकळी हो."

"कात्री नको." आवाज एकदम वर्गातला. मग जरा नरमून, "आणि वेणीसंहार म्हणजे वेणीचा नाश नव्हे गं. पोरं परीक्षेत हेच लिहून यायची. संहार म्हणजे आवळून बांधणं. भट्टनारायणाच्या नाटकात भीम दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीची सुटलेली वेणी बांधतो, तो वेणीसंहार."

मी मनात म्हटलं, सत्तरीला टेकली तरी केसांचा केवढा हा अभिमान! आणि गाठ सोडवत राहिले. पंत माझ्या ओढणीवर झोपले होते. ओढणी मागायची सोय नव्हती.

मला मांजरं आवडत नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते. त्या रात्री आत्याच्या खोलीत खाली गादी घालून मी झोपले तीही नाइलाजाने. बाहेरच्या सोफ्यावर पंतांचं ब्लँकेट वाळत होतं. पलंगावर आत्या भिंतीला लागून अंग चोरून निजलेली. दोन माणसांचा पलंग, त्यातला दीड माणसाचा भाग पंतांकडे. काकांची उशी, त्यावर पंत, पंतांच्या पुढ्यात वेणी आणि वेणीवर त्यांचा पुढचा उजवा पाय.

"दुखत नाही?" मी अंधारात विचारलं.

"सवय आहे," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "यांचं कोपर असायचं. चौतीस वर्षं. बरोब्बर वेणीवर. कूस वळायची तर आधी यांना ढोसायला लागायचं. अहो, केस सोडा. करवादायचे आणि सोडायचे. पहाटे पुन्हा तेच."

"रोज उठवायचीस?"

"रोज." आत्या हसली असावी. "आता वाटतं, त्यांना तरी कशाला उठवायचं होतं."

पंखा फिरत होता. पंतांच्या घशातलं घरघर यंत्र चालू होतं.

"हे गेल्यावर वर्षभर सकाळी उठायचे तर वेणी रात्री घातली तशीच्या तशी. केसाला धक्का म्हणून लागायचा नाही. विंचरायला दोन मिनिटं पुरायची. इतका वेळ उरायचा, की त्याचं करायचं काय ते कळायचं नाही."

मी काही बोलले नाही. खाली पडल्या पडल्या हिशेब केला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. ४१ इंच म्हणजे १०४ सेंटिमीटर, म्हणजे ८३ महिने, जवळजवळ सात वर्षं. काकांना जाऊन सहा झाली. म्हणजे खालचे पाच-साडेपाच इंच तेव्हाचे. ते दुभंगलेले, वाळक्या गवतासारखे. चार बोटं कापली तर काय बिघडतंय, असं मी म्हणाले होते.

माझे डोळे भरून येण्याच्या बेतात असताना पंत पलंगावरून उतरले, माझ्या छातीवर उभे राहिले, तोंडावर शिंकले आणि परत वर गेले. माझ्या बॉबकटात त्यांना काडीचा रस नव्हता.

सकाळी आत्या पलंगावरच बसून होती. केस सुटलेले, खांद्यावरून मागे उशीपर्यंत पसरलेले, आणि शेवटच्या हातभर केसांवर पंत मुटकुळं करून निजलेले. मी फणी घेतली आणि तिच्या मागे बसले. भावंडांच्या लग्नात सगळ्यांच्या वेण्या घालणारी आत्या. तिची वेणी मी कधी घातली नव्हती. तीन पेड धरले, आवळत आवळत पाठीच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले. पुढचे केस पंतांच्या पोटाखाली होते.

"ओढू का हळूच?" मी विचारलं, तेही कुजबुजत. आत्या काही बोलली नाही.

पंतांनी एक डोळा किलकिला केला, मला पाहिलं आणि मिटला.

तेवढ्यात ठाण्याहून नवऱ्याचा फोन आला: निघालीस का, जेवायला येतेस ना? फोन खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी अर्धी वेणी. म्हटलं, हळू बोल. माझी दुपारची गाडी चुकेल बहुतेक. अर्धी वेणी झालीये, उरलेली पंत उठले की. आता त्यांना कशाला उठवायचं?