मायनर धातूची, मेजर कागदाची

मा. समन्वयक सर,
मायनर पदवी कक्ष,



परवा आपल्या कक्षाच्या खिडकीतून एकाच दमात दोन अर्ज नामंजूर होऊन बाहेर आले, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. एक माझ्या मुलीचा, ती मेकॅनिकलला. दुसरा तिच्या मैत्रिणीचा, ती इलेक्ट्रॉनिक्सला. दोघींनी मटेरियल्स इंजिनिअरिंगचा मायनर, म्हणजे मुख्य पदवीसोबतचा जोडविषय, मागितला होता. मुलीच्या अर्जावर लाल शाईत शेरा आहे: ‘सदर विषयाची ओळख मूळ अभ्यासक्रमात झालेली असल्याने पुनरावृत्ती होते, सबब अपात्र.’ मैत्रिणीच्या अर्जावर त्याच शाईत: ‘सदर विषयाची ओळख मूळ अभ्यासक्रमात झालेली नसल्याने पूर्वअट अपूर्ण, सबब अपात्र.’ म्हणजे जी शिकली ती बाद आणि जी शिकली नाही तीही बाद. उरले ते, ज्यांनी तो विषय अर्धवट शिकून सोडला. पण त्यांचा बॅकलॉग असतो, आणि बॅकलॉगवाल्यांना आपली अट क्रमांक दोन दारातच अडवते. इतकं चोख काम हल्ली पाहायला मिळत नाही.

बाकीच्या अटींबद्दल तक्रार नाही. सीजीपीए साडेसातच्या वर हवा, असू द्या. किमान वीस मुलं जमली तरच वर्ग भरेल, हेही ठीक. लग्नाच्या बसलाही माणसं जमावी लागतात. जादा तास शनिवारी दुपारी, जेव्हा कॉलेजची बस नसते. चालेल.

मुळात हे मायनर प्रकरण आपण काढलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. 2018च्या आदर्श अभ्यासक्रमात एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेने, पदवी 160 क्रेडिटांवर आणली आणि ज्याला आणखी शिकायचंय त्याने वरचे 20 क्रेडिट करून ऑनर्स किंवा मायनर घ्यावा, असं सुचवलं. पुढे नवं शैक्षणिक धोरण आलं आणि 2023च्या शासन निर्णयाने 14 क्रेडिटांचा बहुविद्याशाखीय मायनर सगळ्यांच्याच ताटात वाढला. हेतू असा, की मेकॅनिकलच्या पोराला थोडी दुसरीही विद्या यावी. हेतू उत्तम. आपल्या फलकावर ती दुसरी विद्या कोणती? आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, ब्लॉकचेन, आयओटी. आणि सगळ्यात खाली, छपाई फिकी पडलेल्या ओळीत, मटेरियल्स. तीही बहुधा तपासणी समितीला यादी लांब दिसावी म्हणून.

पालकाने इथे ‘कॉलेजचाही नाइलाज असेल’ असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही.

कारण अट क्रमांक चार. ‘प्रात्यक्षिकांचे दोन क्रेडिट आभासी प्रयोगशाळेतून पूर्ण करावेत.’

सर, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. पोलाद तापवतो, तेलात बुडवतो, परत तापवतो, आणि त्यावर घर चालतं. आभासी प्रयोगशाळा काय असते ते मी मुलीच्या लॅपटॉपवर बघितलं. पडद्यावर पोलादाचा एक गोल तुकडा येतो. ‘पॉलिश’ असं बटण असतं. ते दाबलं की तुकडा चमकतो. मग ‘एच’, म्हणजे आम्लाने कोरण्याचं, बटण. ते दाबलं की सूक्ष्मदर्शकातलं चित्र येतं. एकूण वेळ दीड मिनिट. निष्कर्ष तयार, तो वहीत उतरवायचा.

आता खरा प्रकार सांगतो. तुकडा कापायचा, कापताना तापू द्यायचा नाही, नाहीतर आतली रचनाच बदलते. मग एमरी पेपर: 220, 400, 600, 800, 1000. दर पेपरला तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. घाई केली तर शेवटच्या पेपरवर पहिल्या पेपरचा एक ओरखडा दात विचकून दिसतो आणि पुन्हा 220वर यावं लागतं. बोटांची टोकं सोलवटतात. मग फिरत्या मखमली चकतीवर अॅल्युमिनाची पूड. मग अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक अॅसिड, त्यात काही सेकंद. एक सेकंद जास्त झाला तर काळं फडकं. आणि सगळं जमलं तर भिंगाखाली पांढरं फेराइट आणि त्याच्या मधेमधे काळसर पर्लाइट. त्या दिवशी पोराला कळतं की लोखंड म्हणजे एकसंध ठोकळा नव्हे, आत एक वस्ती आहे. हे बटणातून कळत नाही हो! नाहीच कळत!

आणि न कळल्याचं बिल कोण भरतं? मी. माझ्याकडे चकचकीत प्रमाणपत्रं असलेले तरुण इंजिनिअर ड्रॉइंग पाठवतात: माइल्ड स्टीलची पिन, कडकपणा 60 एचआरसी. अरे बाबा, त्यात कार्बन 0.2 टक्के. नुसतं तापवून बुडवून ती 60 कुठून देणार? आधी 900 अंशांच्या वर तासन् तास कार्बन पाजावा लागतो, आणि तोही फक्त कातडीपुरता मुरतो. दुसरा एक जण टेम्परिंगचा, म्हणजे परत तापवण्याचा, खर्च वाचवू म्हणतो. त्याने तेलातून काढलेला जॉब रात्री रॅकवर आपोआप ‘टक्’ करून तडकताना ऐकलेला नाही. या पोरांचा राग येत नाही. त्यांना कोणी भट्टीसमोर उभंच केलेलं नाही.

आणि हे कुठे? नाशकात. जिथे ओझरच्या, 1964ला स्थापन झालेल्या कारखान्यात विमानं घडतात. आधी मिग, मग सुखोई, आणि 17 ऑक्टोबर 2025ला तिथे तयार झालेलं तेजस मार्क-1ए आकाशात गेलं. त्या तेजसच्या सांगाड्याचं सुमारे 45 टक्के वजन कार्बन कंपोझिटचं. ते ब्लॉकचेनचं नाही. सातपूर-अंबडमधल्या निम्म्या शेडमध्ये कोणीतरी काहीतरी कापतो, ओततो, कडक करतो. जुन्या गावातला तांबटसुद्धा ठोकून ताठ झालेलं तांबं लाल करून पुन्हा मऊ करतो. त्याला पूर्वअट विचारा, तो हातोडी दाखवेल.

परवा मी तुमच्याशी भांडायलाच आलो होतो. तुम्ही खुर्ची दिलीत. मग कळलं, तुमचं एम.टेक. धातुशास्त्रातलं. अकरा महिन्यांच्या करारावर आहात, दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देता. मायनर कक्ष, परीक्षा कक्ष, प्रवेशाचे फोन आणि मूल्यांकन समितीच्या फायली, सगळं तुमच्याच टेबलावर. सूक्ष्मदर्शक आहे, पण कपाटात, कारण तो बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणी मंजूर करत नाही. मफल फर्नेसची कॉइल जळालेली, तिचा मागणी अर्ज दोनदा परत आला. लाल शेरा तुमच्या हातचा होता, नियम तुमचा नव्हता. अट चार वाचून दाखवताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी ओरडलो ते तुमच्यावर, आणि ऐकायला हवं होतं ते वरच्या मजल्यावर, जिथे एसी आहे.

तरीही अट चार मागे घ्या, सर. किंवा घ्यायला लावा. तोवर मुलं शनिवारी माझ्याकडे अंबडला पाठवा. एमरी पेपर माझे, तेल माझं, भाजलं तर बर्नॉल माझं. क्रेडिट देऊ नका. हाच प्रस्ताव मी आधी मांडला तेव्हा वरून निरोप आला, की सामंजस्य करारासाठी कंपनीची वार्षिक उलाढाल, तीन वर्षांचे ताळेबंद आणि समारंभासाठी पाहुण्यांची नावं लागतील. ताळेबंद देतो. पाहुणा म्हणून आमच्या भट्टीवरचा फोरमन चालेल का, तेवढं विचारून ठेवा.

आपला,
एक पालक, अंबड

ता. क. दोन्ही अर्जांचं शुल्क परत मिळणार नाही, हे कळलं. निदान पावती तरी द्या.