पिवळं ते सोनं

पुण्याच्या मावशीला दरवर्षी वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडहून घरची हळद जाते. सेलम वाणाची. नऊ महिने शेतात काढलेली, कुकरात शिजवलेली, उन्हात वाळवून ढोलात घासलेली. यंदा तिचा फोन आला. "अरे, बिघडली का रे तुमची हळद? वरणाला रंगच नाही! दुकानातली चिमूटभर टाकली की वरण, डाव, ओटा, सगळं पिवळं!"

मी ओशाळलो. आम्ही वाशिमकर मागासच. हळदीत अजून हळदच घालतो.

पुढारलेल्या हळदीत मेटॅनिल यलो असतो. कापड-कातडं रंगवायचा रंग. वजनाला पिठी. हळकुंडाला तुकतुकी हवी तर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचंच संयुग. रस्त्यावरचे पिवळे पट्टे ज्याने मारत आले, तेच. आमच्याकडे ते पट्टे एका पावसाळ्यात पुसतात. रंग जातो कुठे, हे आता कळलं.

बाजारात आमचं हळकुंड मोडून बघतात. कटकन वाजलं नाही की 'ओली आहे', भाव पाडा! त्याच हळकुंडाची पुडी झाली की मात्र कुणाच्या कानावर काही पडत नाही. कायद्याने लेड क्रोमेट औषधालाही चालत नाही. पण कायदा कागदावर, आणि कागद बहुधा पिवळा पडलेला.

कागदावर मात्र आपण एकदा जिंकलोय. हळदीने जखम भरते हा नवा 'शोध' असल्याचं सांगून अमेरिकेत 1995 साली पेटंट घेतलं गेलं. डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ पुढे टाकून 1997 साली ते रद्द करवलं. त्या विजयाच्या अर्ध्या हळकुंडाने आपण पिवळे झालो. उरलेल्या अर्ध्यात काय घातलंय, ते बघायचं राहून गेलं.

मावशीला म्हटलं, "दोन ग्लास पाणी घे. एकात आमची, दुसऱ्यात दुकानातली, एकेक चमचा हळद टाक. ढवळू नकोस. खरी तळाला बसते, पाणी फिकट राहतं. रंगवलेलीचं पाणी गर्द पिवळं होतं."

संध्याकाळी परत फोन. "तुझी बसली रे खाली. दुकानातलीचं पाणी बघ, नुसतं केशर!"

"मग?"

"मग काय, तुझी एवढी शुद्ध, ती देवघरात ठेवली. स्वयंपाकाला दुकानातलीच बरी."