नानांची दुर्बीण

चंदीगडात पत्त्याला गल्लीबोळ लागत नाहीत, आकडा पुरतो. आमचे नाना सेक्टर तीसमधले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पण याच सेक्टरात सीएसआयओ ही वैज्ञानिक उपकरणांची केंद्रीय संस्था आहे. तेजसच्या वैमानिकाच्या डोळ्यांपुढे आकडे तरंगवणारा हेड-अप डिस्प्ले तिथेच घडला. घरात एकाला पडसं झालं की सगळ्यांना लागतं, तसं त्या कुंपणाशेजारी सव्वीस वर्षं राहून नानांना प्रकाशशास्त्र लागलं.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी पक्षी बघायचं ठरवलं. तयारी सगळी झाली आहे. टोपी आली, वही आली, सलीम अलींचं पुस्तक आलं. दुर्बीण तेवढी राहिली आहे.

मुली बघत फिरणारे काही नवरदेव असतात बघा. पोहे खातात, चहा पितात, पत्रिका नेतात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. नाना त्या घराण्यातले. सेक्टर सतरामधला दुकानदार त्यांना ‘अंकलजी’ म्हणतो, न विचारता चहा मागवतो, कपाटातल्या सगळ्या दुर्बिणी काचेवर मांडतो. नाना एकेक घेऊन दारात जातात, बाहेरची कबुतरं न्याहाळतात, परत येतात आणि म्हणतात, “सोचके बताता हूँ.”

विचार करण्यासारखं असतं, हे मात्र खरं. आठ-बेचाळीस म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटर रुंद. दहा-बेचाळीस घेतली तर पक्षी आणखी मोठा, पण हाताची थरथरही दहापट. शिवाय दिसणारा मुलूख आक्रसतो. पानांत लपलेला तांबट शोधायचा तर मुलूख हवा. इथवर कुणालाही पटेल. नाना इथे थांबत नाहीत. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच. डोळ्याशी पोचणारा उजेडाचा झोत एवढ्या मिलिमीटरचा. पण तो झोत आत घ्यायला बाहुलीही तेवढी उघडायला हवी, आणि ती वयाबरोबर आकसते. म्हणून एका रात्री दिवे मालवून नानांनी काकूंच्या डोळ्याला फूटपट्टी लावली. काकू हलल्या नाहीत. “पत्रिका जुळवताना तरी एवढं डोळ्यांत बघायचं होतंत,” एवढंच म्हणाल्या.

मग चष्म्याचा प्रश्न. चष्मा न काढता पूर्ण चित्र दिसायचं तर डोळा आणि काच यांत पंधरा-सोळा मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. मग वजनाचा. पाऊण किलो गळ्यात तासभर वागवायचं, तर मानेचं काय? मग ऑस्ट्रियन दुर्बिणीची किंमत, जी लाखांत जाते. ती नाना हळू आवाजात सांगतात, देवाचं नाव घ्यावं तशी.

गेल्या डिसेंबरात त्यांना ओढून सुखना तलावावर नेलं. माझी जुनी, खांदे काढलेली पोरो प्रिझमची दुर्बीण त्यांनी हातात घेतली, बिजागरी डोळ्यांच्या अंतराला बसवली, डावा डोळा मिटून उजव्या भिंगाचं चक्र फिरवलं आणि हे चक्र नव्वद टक्के लोक आयुष्यात हात लावून पाहत नाहीत, यावर ते बोलू लागले. (टक्केवारी त्यांची.) तेवढ्यात काकू नुसत्या डोळ्यांनी म्हणाल्या, “अहो, वारकरी!” काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, आपल्याकडे त्या पाणपक्ष्याला दिलेलं नाव किती चपखल आहे, ते चंदीगडात कळलं. दिंडीच होती. पलीकडे चक्रवाकाची जोडी. नानांनी दुर्बीण उचलली, काचेच्या कडेला जांभळट झाक दिसते म्हणाले आणि रुमालाने पुसू लागले. दिंडी पुढे गेली.

आता ‘तुलनेसाठी’ माझी आठ-चाळीस आणि एका मित्राची दहा-पन्नास त्यांच्या गच्चीवर मुक्कामाला आहेत. नाना आलटूनपालटून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचतात. शेजारच्या कडुनिंबावर धनेश बसतो, चंदीगडचा राज्यपक्षी, चोचीसकट दोन फुटांचा. त्याला कशाला दुर्बीण, म्हणून नाना तिकडे बघत नाहीत.

पण पंजाबी मोहल्ल्यात एक निवृत्त पुरुष रोज सकाळी गच्चीवरून दुर्बीण रोखतो, हे किती दिवस चालणार? परवा समोरच्या आंटीजी तावातावाने जिना चढून आल्या. काकूंनी आधी लस्सी दिली. मग न बोलता दहा-पन्नास आंटीजींच्या हातात ठेवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. टाकीकडे नव्हे, रस्त्याच्या टोकाकडे.

“भाईसाब,” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “इससे वो कोनेवाली कोठी का गेट दिखेगा?”

नानांनी पाच वर्षांत पहिल्यांदा क्षणाचाही विलंब लावला नाही. “दिखेगा जी. लेकिन दसवाली में हाथ हिलेगा. आप आठवाली लीजिए.”