चांदणी लावलेला हेतू

आमच्या भाच्याला परवा जगण्याचा हेतू सापडला. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सापडणं भागच होतं, नाहीतर अप्रेझलचा फॉर्म पुढे सरकत नव्हता. फॉर्ममधल्या ‘जीवनहेतू’ या रकान्यावर लाल चांदणी आहे. लाल चांदणी म्हणजे रकाना रिकामा सोडायचा नाही, हे केवायसी करून करून आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय. मधलं नाव नसलं तरी चालतं, पत्त्याची दुसरी ओळ नसली तरी चालतं. हेतू नसला की पडदा लाल होतो.

हेतू लिहायचा नसतो, निवडायचा असतो. बाण दाबला की यादी उघडते: ‘ग्राहकाच्या चेहऱ्यावर हसू’, ‘सातत्याने शिकणे’, ‘उद्याचं जग घडवणे’, आणि त्याच मापाचे आणखी दोन-तीन. तळाला ‘इतर’. भाच्याने भोळेपणाने ‘इतर’ दाबलं, तर खाली नवी चांदणी उगवली: स्पष्टीकरण द्या, किमान अडीचशे अक्षरं, आणि मॅनेजरची मंजुरी घ्या. मॅनेजर सुट्टीवर. म्हणजे सोमवारपर्यंत या पोराने कशासाठी जगायचं? त्याच्या टीममधल्या एकाने ‘घराचे हप्ते’ असा हेतू टाकला. तो परत आला. शेरा होता, ‘अधिक प्रेरणादायी हवं’. त्याने ‘घराचे हप्ते, वेळेवर’ असं करून पुन्हा पाठवला.

याची पूर्वतयारी म्हणून कार्यशाळा झाली होती. शनिवारी. फळ्यावर ती प्रसिद्ध चार वर्तुळं: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतात. चारही जिथे एकमेकांत घुसतात तिथे ‘इकिगाई’. सगळ्यांनी आधी पैशाचं वर्तुळ भरलं, तर बाईंनी ‘ते शेवटी’ म्हणून पुसायला लावलं. हे प्राचीन जपानी शहाणपण आहे, असंही सांगितलं. आता ही वर्तुळं जपानी नाहीतच. ती युरोपातली, त्यांच्या मधोमध हा जपानी शब्द 2014 साली चिकटवला गेला. जपानी माणसाला विचाराल, तर त्याची इकिगाई नातवंडांत किंवा परसातल्या भाजीतही असू शकते. तिला पगाराचं वर्तुळ लागत नाही. आणि त्याच 2014 साली, कामाच्या ओझ्याखाली माणसं मरू नयेत म्हणून जपानला कायदा करावा लागला. त्या मरणाला तिकडे करोशी म्हणतात. वर्तुळं आपल्याकडे सुखरूप पोचली, कायदा बहुधा कस्टममध्ये अडकला.

अहो, पगार वेळेवर द्या, सहा वाजता घरी सोडा, शनिवारी फोन करू नका! हेतूचं आमचं आम्ही बघून घेऊ. कुणाचा भजनी मंडळात असेल, कुणाचा राजगडावर, कुणाचा रविवारी दुपारी मटण हाणून पंख्याखाली आडवं होण्यात. तो तुमच्या सर्व्हरवर कशाला? आठवड्याचे पाच दिवस घेता, सहावा हळूच ओढता, हिंजवडीच्या चौकात माणसाचं अर्धं आयुष्य सिग्नलला उभं करता, आणि वर त्यालाच विचारता, बाळा, तुझ्या जगण्याला अर्थ काय? असेल तर तो त्या चौकातच कुठेतरी सांडलाय, जा, वेचा!

बरं, हेतूचं एवढं वेड, तर निदान सगळीकडे सारखं असावं. मध्यंतरी एका ग्राहकाचा सर्व्हर बसला. भाचा रात्री साडेअकराला स्वतःच्या खिशातून रिक्षा करून गेला. त्या 340 रुपयांचं बिल अकाउंट्सने परत पाठवलं: ‘प्रवासाचा हेतू स्पष्ट होत नाही.’ या फॉर्मवर यादी नव्हती, म्हणून पोराने डोकं लढवलं आणि अप्रेझलमध्ये मंजूर झालेला आपला अधिकृत हेतूच तिथे लिहिला: ‘ग्राहकाच्या चेहऱ्यावर हसू’. आयुष्याला पुरतो तो हेतू रिक्षाला पुरायला हरकत नव्हती. पण अकाउंट्सवाले ते अकाउंट्सवालेच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हसू उमटल्याचा पुरावा जोडावा, फोटो दोन एमबीच्या आत.

भाच्याने लाजतलाजत ग्राहकाला फोन लावला. ग्राहक म्हणाला, बरं झालं फोन केलास, सर्व्हर पुन्हा बसलाय.